हे पहिल्यासारखं नाय

आई, तुझ्या जनावरांबद्दल एक विचारायचं आहे. रविवारची दुपार आहे, लाइट गेलीय, आणि मी स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या मारतेय. मधेच बसते, दोन ओळी लिहिते, परत उठते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पायाला भिंगरी लागली काय गो? बस एका जागी." जनावरं म्हणजे आपल्या वाडीतली नव्हेत. मामाने मस्कतहून आणलेल्या त्या हातात मावणाऱ्या गेममधली. गवतातून हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, त्यांच्या झुंजी लावायच्या. तो गेम अजून संपलेला नाही, आई. दर दोन-तीन वर्षांनी त्याचा नवा भाग येतो आणि दर वेळी जगभरची माणसं, त्यातली कितीतरी माझ्यासारखी केस पांढरे व्हायला लागलेली, हिरिरीने भांडतात की पूर्वीची मजा राहिली आहे की गेली. तुला हसू येईल. पण या भांडणापायी माझा सांडोरचा मित्र माझ्याशी बोलायचा थांबला आहे. तुझ्या हातची केळफुलाची भाजी खाऊन मोठा झालेला तो. आणि भांडणाच्या मधोमध तू आहेस.

तू बावखलाच्या काठावर घसरून पडलीस, ते वर्ष आठवतं? त्या तळ्यात हंडा भरायला वाकलीस आणि शेवाळावरून पाय गेला. मांडीपर्यंत प्लास्टर. निर्मळच्या घरात तू कधी दिवसा आडवी झालेली मी पाहिली नव्हती, आणि आता तू ओटीवर खाटेला खिळलेली. वाडीत केळी पिकतायत, अबोली खुडायची राहिलीय, बाबा आणि काका आपापल्या परीने सगळ्याचा विचका करतायत, आणि तुला नुसतं बघत पडून राहायचं. पहिले काही दिवस तू सगळ्यांवर खेकसत होतीस. मग एका सकाळी मी शाळेत जाताना गेम तुझ्या उशाशी राहिला. संध्याकाळी आले तर तू पडद्यावरच्या एका गालफुग्या, बेडकासारख्या प्राण्याकडे टक लावून बघत होतीस. "ह्याला काय खायला घालायचं?" तू विचारलंस. मी म्हटलं, खायला नाही घालायचं, झुंजवायचं. "मेल्याला उभं राहता येत नाय, नि झुंजवते! आधी दवाखान्यात ने."

तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुठलं बटण काय करतं ते तू महिन्याभरात माझ्यापेक्षा चांगलं ओळखायला लागलीस. तुझी खेळायची तऱ्हाच निराळी. झुंज आली की पळून जायचीस. नवीन गावात गेलीस की प्रत्येक घरात शिरून सगळ्यांशी बोलायचीस, ते काय म्हणाले ते मी आल्यावर मला वाचायला लावायचीस. प्राण्याला नाव द्यायची सोय होती. तू सांगायचीस, मी इंग्रजी अक्षरं टाकायचे. गालफुग्याचं नाव आत्याबाई, कारण बाबांची बहीण रुसली की अशीच दिसायची. ती भेटायला आली तेव्हा तू तिच्यासमोर तो गेम हातात धरून पोट धरून हसत होतीस, आणि ती बिचारी विचारत होती, "वहिनी, त्या डबीत काय आहे एवढं?"

मित्र त्याच सुमारास घरी यायला लागला. त्याच्याकडेही तसाच गेम होता, आणि दोन्ही गेम वायरने जोडून प्राण्यांची अदलाबदल करता यायची. मी आत्याबाई त्याला देऊन एक पंखांचा मासा घेतला. मला वाटलं तू खूश होशील. तू काय केलंस? प्लास्टरचा पाय ओढत, भिंतीला धरत स्वयंपाकघरात आलीस. तो पाटावर बसून भाकरी खात होता. "विचारलंस का मला?" हे मला. आणि त्याला, "जेव तू, सावकाश जेव. मग ती परत दे." आम्ही हात धुऊन वायर जोडली. तू ओट्याला टेकून उभी. पडद्यावर आत्याबाई एका बाजूने नाहीशी झाली आणि माझ्याकडे आली. तू त्याला गंभीरपणे विचारलंस, "एवढ्याशा वायरीतून येताना तिला दुखत नाय ना?" तो म्हणाला, "नाही काकू, मी हळू पाठवली." त्या उत्तरावर तू त्याला आणखी एक भाकरी वाढलीस. त्या दिवसापासून तो तुझा.

पुढचा भाग आला तोवर तू हिंडू-फिरू लागली होतीस. मामाच्या एका ओळखीच्या माणसाने गेमच्या पाठीत बसवायची नवी कॅसेट आणली. रंगीत, मोठी, दिवस-रात्र बदलणारी. मी आणि मित्र वेडे झालो होतो. तुला दाखवली तेव्हा तू केळीची पानं बांधत होतीस. हात पुसलेस, ओटीवर बसलीस, बराच वेळ खेळलीस. आणि मग, मला आठवतं त्याप्रमाणे, ती बाजूला ठेवून म्हणालीस, "हे पहिल्यासारखं नाय. पहिली जनावरं कुठून तरी आलेली वाटायची. ही कोनीतरी बसून बनवलीत." मी चिडले. पाय आपटून म्हटलं, "तुला काही कळत नाही, हा भाग जास्त चांगला आहे." तू म्हणालीस, "असंल बाई. तुझं तुला गोड." आणि परत पानं बांधायला लागलीस. त्यानंतर तू गेमला हात लावला नाहीस. वाडी होती, बाबांचं दुखणं होतं, मग तुझंच आलं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तू गेलीस. तेव्हा हे सगळं कुठल्या कुठे मागे पडलं होतं.

पुन्हा सुरू झालं ते मित्रामुळे. मी आता सातिवलीला एका गोदामात माल पाठवायचं काम बघते, तो बँकेत आहे. त्याने मोबाइलवर या गेमच्या चाहत्यांचा एक ग्रुप काढला, वसई-विरारपुरता, आणि मला सोबत घेतलं. गेली काही वर्षं आम्ही दोघं एकाच बाजूचे. नवा भाग आला की तो लांबलचक लिहायचा आणि मी त्याला पुष्टी द्यायचे: चित्रं ओबडधोबड, प्राणी जमिनीत अर्धे रुततात, गेम इतका सोपा की झोपेत जिंकावा, नुसते पैसे काढायचे धंदे. "पूर्वी प्राणी होते, आता भांडीकुंडी," हे त्याचं वाक्य. खरंच, आता बादलीसारखे, पंख्यासारखे प्राणी असतात. समोरची बाजू मुख्यतः पोरासोरांची. त्यांचं म्हणणं, तुम्ही म्हातारे झालात, गेम नाही. हा वाद जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, भाजी फोडणीला टाकताना चालू असायचा. कढई करपली तरी मी उत्तर टाइप करत उभी.

शेवटी त्यानेच ठरवलं की एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे. वसईत त्याच्या मावसभावाच्या क्लासची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. 'गेमला उतरती कळा लागली आहे का?' हा विषय. दोघं इकडून, दोघं तिकडून. आमच्या बाजूने तो आणि मी. मला वाटलं, पुरावा म्हणून तुझी पहिली कॅसेट घेऊन जावी, पडद्यावर आत्याबाई दाखवावी, सांगावं की बघा, हिला म्हणतात प्राणी. माळ्यावरून डबा काढला, कॅसेट पुसून गेममध्ये बसवली, गेमला नवे सेल घातले, चालू केली. गाणं तेच वाजलं. पण जुना खेळ पुढे चालू करायची ओळच नव्हती. फक्त 'नवा खेळ'. मी बंद केली, फुंकर मारली, पुन्हा लावली. मित्राला फोन केला. तो हळू आवाजात म्हणाला, "आतला सेल संपला असेल गं. त्या कॅसेटींमध्ये आठवण त्या छोट्या सेलवर असते. तो मेला की सगळं जातं." कधी मेला असेल, विचारलं. त्याला काय ठाऊक. मी माळ्याखाली स्टुलावर बसून राहिले. तुझं सगळं आवरून झालं आहे असं समजत होते मी, आई, आणि तू तिथे होतीस, आणि मग नव्हतीस, आणि मला पत्ताही लागला नाही.

त्या रविवारी मी गेले तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. मित्र मात्र सुंदर बोलला. जुन्या गावांबद्दल, अंधाऱ्या गुहांबद्दल, आपला आपण रस्ता शोधण्याबद्दल. दुसरा भाग हा या सगळ्याचा सुवर्णकाळ, असं तो म्हणाला आणि खोलीतली आमच्या वयाची माणसं माना डोलवत होती. मग तो जोशात म्हणाला, "ज्यांनी चांगलं कधी पाहिलंच नाही, त्यांना कचरा गोड लागणारच." समोरच्या बाजूने अर्नाळ्याची एक कॉलेजातली मुलगी होती. तिच्या घरची बोट आहे, आई मासळी विकते. ती उठली. "दादा, मी तुमचा जुना गेम खेळले आहे. स्लो आहे, पण मस्त आहे. मी त्याला कचरा बोलले का? नवीनवाला माझा पहिला आहे. पप्पा बोटीवर असतात तेव्हा मी आणि मम्मी खेळतो. मम्मीला त्यातला समुद्र आवडतो. तुम्ही मला बोला, चालेल. मम्मीला कचरा आवडतो, असं नका बोलू."

पुढची पाळी माझी होती. मी जे मुद्दे काढून नेले होते त्यातला एकही आठवेना. मी तुझी गोष्ट सांगितली. प्लास्टर, आत्याबाई, वायर. लोक हसायला लागले, चांगलं हसत होते, प्रेमाने. आणि मग मी दुसऱ्या भागाबद्दल तू काय म्हणालीस ते सांगितलं. खोलीत हशाच फुटला. मित्राच्या सुवर्णकाळाचे तिथेच बारा वाजले. मी म्हटलं, "म्हणजे उतरती कळा माझ्या आईच्या मते तेव्हाच लागली होती, आणि तेव्हा मी दुसऱ्या बाजूला उभी राहून पाय आपटत होते. मला आता खरंच माहीत नाही कोण बरोबर." मुलीने टाळ्या वाजवल्या. मी मित्राकडे बघितलं. तो खुर्च्या गोळा करायला लागला होता, लोक बसलेले असतानाच.

खाली रस्त्यावर त्याने मला गाठलं. मला वाटलं बाजू सोडली म्हणून भांडेल. तो म्हणाला, "काकूंवर लोकांना हसवलंस." मी म्हटलं, "अरे, तीच हसली असती सगळ्यात जास्त." "आणि काकू असं कधी बोलल्या नाहीत. मी होतो त्या दिवशी ओटीवर. त्या खेळल्या आणि म्हणाल्या, छान आहे रे, माझे डोळे दुखतात. एवढंच. बाकी तू बनवलंस." मी काही बोलायच्या आत त्याने स्कूटर चालू केली. मग थांबून म्हणाला, "त्या माझ्याही होत्या." आठवड्याभरात त्याने दुसरा ग्रुप काढला, जुन्या भागांच्या चाहत्यांचा. मला त्यात घेतलेलं नाही.

तर हे विचारायचं होतं. तू काय म्हणाली होतीस? मला तुझा आवाज ऐकू येतो, 'कोनीतरी बसून बनवलीत', अगदी तुझ्या न-सकट. पण तो त्या दिवशी तिथे होता हे माझ्या आठवणीत नाही, आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही. कदाचित तू त्याला एक म्हणालीस आणि तो गेल्यावर मला दुसरं. तू तशी होतीस. दुसऱ्याच्या पोराला दुखवायची नाहीस, आपलीला सोडायची नाहीस. किंवा इतकी वर्षं आम्ही दोघांनी आपापली आई वाढवत नेली. विचारायला आता बाबा नाहीत, आणि ओटीही नाही. तिथे काकाच्या मुलाने दोन मजले चढवलेत. मी रोज दोन्ही वाक्यं तुझ्या तोंडात घालून बघते आणि दोन्ही बसतात. हे मला स्वस्थ बसू देत नाही.

अर्नाळ्याच्या मुलीने तिचा नवा गेम मला पंधरा दिवसांसाठी दिला आहे. पहिल्याच दिवशी एक प्राणी कमरेपर्यंत दगडात अडकला आणि नुसतेच हात हलवत राहिला. मी एकटीच खूप हसले. चित्रं वाईटच आहेत, ते मी मागे घेणार नाही. पण एका टेकडीवर चढले, खाली सगळं गवत वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं, आणि कुठे जायचं ते कोणी सांगत नव्हतं. हे मित्राला आवडलं असतं. नाही, तो म्हणाला असता, गवत प्लॅस्टिकचं आहे. आणि मग माझ्या हातातून ओढून घेऊन तासभर खेळला असता.

हे कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही. निर्मळच्या पत्त्यावर आता काकाच्या मुलाचं बिऱ्हाड आहे, आणि त्या पत्त्यावर तू नाहीस. पण एक सांगून टाकते. मी हे मित्रालाच लिहायला बसले होते, आई. कागदावर पहिला शब्द त्याचं नाव होता. मग ते खोडलं आणि तुला लिहिलं, कारण तू वाचणार नाहीस हे मला पक्कं माहीत आहे, आणि तो वाचेल.