बाबांचा थ्रेशर, माझा डब्बा

११ ऑगस्ट, सोमवार

लॅपटॉपनं आज पुन्हा मान टाकली! सकाळपासून नुसती घरघर, खालून तवा तापलेला, आणि शेवटी पाटी काय — मेमरी अपुरी. काल हेच, परवा हेच. थ्रेशरच्या, म्हणजे मळणीयंत्राच्या, ड्रमचे स्क्रीनवर लाखो बारीक तुकडे पाडून प्रत्येकावर किती ताण येतो ते काढायचं असतं. तुकडे कमी केले तर याला झेपतं, पण मग उत्तर अंदाजपंचे. अंदाजच करायचा तर तो बाबाही करतात, त्याला मी कशाला हवी?

चार वर्षं पुण्यात हेच केलं. दुसऱ्यांच्या गिअरबॉक्सचे ताण काढले. आता घरी बसून बाहेरची कामं घेते, पण आपल्याच बापानं बनवलेल्या थ्रेशरचा ड्रम टिकतो की नाही ते सांगता येईना.

मागच्या हंगामात दुसरबीडला हिंमतरावांच्या मशीनमध्ये ड्रमचा दाता तुटला. पत्रा फाडून बाहेर आला आणि पाण्याच्या टाकीत घुसला. टाकीशेजारी त्यांची बायको सोयाबीनचा भारा घेऊन उभी होती! बाबा म्हणाले, विळा गेला असेल आत. गेला असेलही. पण असे नऊ थ्रेशर आजूबाजूच्या गावांत आहेत, आणि सप्टेंबर संपता संपता सोयाबीन निघेल. नऊही मशीनपाशी बाया उभ्या राहतील. मला झोप लागत नाही.

जेवताना बाबांना सांगितलं — मोठा कॉम्प्युटर लागेल, पार्ट निवडून बांधून घेतलेला. माझ्या पैशानं घेते. बाबा ताटातून वर न पाहता म्हणाले, "तीस वर्सं झाले ड्रम बनवून राह्यलो मी. कधी डब्ब्याले नाही विचारलं."

झालं. घ्यायच्या आधीच नाव पडलं. डब्बा!

१४ ऑगस्ट

अकोला. मेहकरहून जाताना उभ्यानं, येताना उभ्यानं.

दुकानवाल्या सागरचा पहिला प्रश्न: कोणता गेम खेळता? म्हटलं गेम नाही, इंजिनिअरिंगचं काम आहे. म्हणाला, हो हो, भावासाठी घेऊन राह्यल्या का? भावासाठी! मला भाऊच नाही रे!

तासभर समजावलं. मेमरी भरपूर पाहिजे, प्रोसेसर दमदार पाहिजे, ग्राफिक्स कार्ड अगदी साधं चालेल. तो मान हलवायचा आणि फिरून ग्राफिक्स कार्डावर यायचा. शेवटी कागदावर एकेक पार्ट लिहून दिला, खाली रेघ मारली, आगाऊ रक्कम दिली. "टेन्शन नका घेऊ मॅडम, आठ दिवसात घरपोच." टेन्शन नका घेऊ म्हणणाऱ्या माणसाचं मला भयंकर टेन्शन येतं.

१९ ऑगस्ट

सागरचा फोन. काचेची केस टाकू का? सात रंगांचे लाईट लागतात. नको म्हटलं. बरं, मग पाच रंगांचे?

२२ ऑगस्ट

आज पोळा, उद्या पोळ्याची कर, परवा रविवार. सागरला सुट्ट्याच सुट्ट्या. आईनं पुरणपोळी केली, तीन खाल्ल्या. रागानं खाल्ल्या.

२८ ऑगस्ट

गणपती आले, कॉम्प्युटर नाही आला. फोन केला तर म्हणतो, माल मुंबईहून निघाला. मागच्या आठवड्यातही निघालाच होता. पायी येतोय बहुतेक.

इकडे बाबांनी आणखी तीन नव्या थ्रेशरचे सांगाडे उभे केलेत. त्याच मापाचे ड्रम! म्हटलं थोडं थांबा. बाबांचं उत्तर — सोयाबीन थांबते का?

३ सप्टेंबर, बुधवार

आला!

आणि मी डोक्याला हात लावून बसले. काचेची केस. आत लाल, निळे, हिरवे लाईट पळतायत. ग्राफिक्स कार्ड विटेएवढं, मी मागितलेल्याच्या चौपट. आणि मेमरी? निम्मी! फोन लावला तर सागर खुशीत — मॅडम, तुमचं बजेट सांभाळून कार्ड मोठं बसवलं, मेमरी नंतर वाढवता येते. अरे पण मला मेमरीच पाहिजे होती ना! रेघ मारून लिहून दिलं होतं ना!

अख्खी गल्ली पाहून गेली. बाबांसोबत माझ्या जन्माआधीपासून वेल्डिंग करणारे फारुखभाई हात पुसत आले, काचेतून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, लग्नाच्या बँडवाल्याकडून आणला का? बाबा मिशीत हसले. ते हसू मला जास्त झोंबलं.

४ सप्टेंबर

सागरशी फोनवर भांडण. शुद्ध पुणेरीत सुरुवात केली, दोन मिनिटांत वऱ्हाडीवर आले. "तुले कागद वाचता येते का नाही बे?" मग म्हणाला, पाठवतो ताई. मॅडमची ताई झाले, म्हणजे काम होईल.

९ सप्टेंबर

मेमरी एसटीच्या पार्सलनं आली. कार्ड बदलून द्यायला मात्र तयार नाही, त्याचं नंतर पाहू. स्वतःच केस उघडली, स्वतःच बसवली. असं चालू झालं, वा! लॅपटॉप जिथं मान टाकायचा तिथून हे सपाट्यानं पुढं गेलं. मी आईला ओरडून बोलावलं.

आई येईपर्यंत बंद. बाबांच्या शेडमध्ये फारुखभाईंनी वेल्डिंग लावलं होतं. व्होल्टेज खाली बसलं आणि माझं मशीन भुईसपाट. सागरनं दिलेला यूपीएस नुसता शिट्टी मारतो. पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा वेल्डिंग. पुन्हा पहिल्यापासून.

१० सप्टेंबर

शेडमध्ये जाऊन सांगितलं, मला सलग एक दिवस द्या. फारुखभाई बाबांकडे बघतात, बाबा सांगाड्याकडे बघतात. "तुयं ड्रम कागदावर फिरते. माह्यं गिऱ्हाईक दारात उभं हाय." चूक नाही त्यांची. हंगाम तोंडावर आलाय. पण माझी तरी काय चूक आहे? मी काय हौस म्हणून मांडून बसलेय का हे?

शेवटी तोडगा आईनं काढला. शुक्रवारी फारुखभाई दुपारी नमाजाला जातात तेव्हा तसंही काम बंद असतं, तर अख्खा शुक्रवारच सुट्टी धरा. बाबा कुरकुरले. पण आईपुढं काय चालतंय त्यांचं!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वेल्डिंग बंद. सकाळीच लावलं आणि देवळात जाऊन आले. आले तो मशीन बंद!

का? तर आईनं त्यावर झाकण घातलेलं. तिच्या हातचं, लोकरीचं, कडेला झालर लावलेलं. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, शिलाई मशीनला आहे, मग एवढ्या महागाच्या वस्तूला काऊन नको? धूळ बसते ना! पंख्याची वाट बंद, आत भट्टी पेटली, बिचाऱ्यानं जीव वाचवायला स्वतःलाच बंद करून घेतलं. मी ओरडले. आई आठवडाभर विणत होती म्हणे, मला न सांगता. आता मला वाईट वाटतंय, आणि रागही गेलेला नाही. झाकण स्क्रीनवर घातलंय. तिथं शोभतं तरी.

शुक्रवार मात्र वाया गेला.

१३ सप्टेंबर

गल्लीत बातमी फिरली की उकंडरावाच्या, म्हणजे बाबांच्या, पोरीनं मोठं मशीन आणलं. सकाळपासून लोक आधार कार्ड आणि पासबुक घेऊन दारात! पीकविमा भरून दे. पीक पाहणी करून दे. सातबारा काढून दे. एक आजी तर म्हणाली, माझी पेन्शन काऊन थांबली ते यात पाहून सांग. मी म्हटलं, आजी, यात फक्त ड्रम फिरतो. आजींना ते पटलं नाही. आईनं सगळ्यांना चहा दिला, म्हणजे उद्या पुन्हा येतील.

१४ सप्टेंबर, रविवार

मेहकरच्या दुकानातून चांगला यूपीएस आणला. वेल्डिंग चालू, मशीनही चालू. लावलंय. आज कुणाशीच भांडण नाही. चुकल्यासारखं वाटतंय.

१६ सप्टेंबर

निकाल आला. ड्रम टिकतो!

बाबा सांगतात त्या वेगाला सगळं ठीक आहे. दात्याच्या मुळाशी ताण येतो, पण झेपेल असा. तीनदा तपासलं. म्हणजे बाबांचंच खरं, विळाच गेला असणार. बाबांना स्क्रीनवर दाखवलं. निळा रंग म्हणजे सुरक्षित, असं सांगितलं. बराच वेळ पाहत होते. "बरं दिसते," एवढंच म्हणाले आणि शेडमध्ये गेले. पण नंतर फारुखभाईंना सांगताना ऐकलं मी — आमच्या राखीच्या डब्ब्यानं पास केलं म्हणे.

खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१८ सप्टेंबर

आज वाटलं, एकदा तो तुटलेला दाता डोळ्यांनी पाहावा. विळ्याचा मार बसलेला असेल तर खूण दिसेल, आणि माझ्या मनातली शेवटची पालही चुकचुकायची थांबेल. दुसरबीडला गेले. हिंमतरावांनी जपून ठेवला होता. खूण कशाचीच नाही. मुळाशी स्वच्छ तुटलेला.

मग मशीनकडे गेले आणि पट्ट्यावर ड्रम फिरवणारी पुली पाहिली. लहान! माझ्या नकाशात आहे तिच्यापेक्षा चांगली चार बोटं लहान. पुली लहान की ड्रम जोरात. थ्रेशर भाड्यानं शेतोशेत फिरतो, पैसे पोत्यामागं, म्हणून ज्याला त्याला जोरातच पाहिजे. मला वाटलं हिंमतरावांनी स्वतः बदलली. विचारलं. ते उलट माझ्याकडेच नवलानं पाहायला लागले.

"हे तर तुह्या बाबानंच बसवून देल्ली. सगळ्यायलेच देल्ली."

येताना बसमध्ये खिडकी मिळाली. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

म्हणजे मी महिनाभर जो ड्रम फिरवला तो या जिल्ह्यात कुठं फिरतच नाही! नकाशा बाबांनीच दिला होता. मोठ्या पुलीचा.

१९ सप्टेंबर

बाबांशी बोलले. बोलले म्हणजे भांडले. मला का नाही सांगितलं? तर म्हणे तू विचारलं नाही. नकाशात जे आहे तेच मशीनला असतं असं मी धरलं, आणि गिऱ्हाईक मागेल ते द्यायचंच असतं असं त्यांनी धरलं. "मागते तर द्या लागते. नाही देल्ली तर जालन्याच्या माणसापाशी जाते गिऱ्हाईक." मी म्हटलं, जाऊ द्या ना मग! आई मध्ये पडली. फारुखभाई उगाच खिळे वेचत बसले.

मग बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. असे कधी बसत नाहीत.

"तुले काय वाटते, राखी? तुटन?"

मला वाटतं तुटेल. बसमध्येच वाटलं होतं. पण तीस वर्षं ड्रम बनवणाऱ्या माणसाला नुसत्या वाटण्यावर कसं सांगू? आकडा नसला तर उद्या म्हणतील, पोरीनं धंदा बुडवला. मी म्हटलं, "वाटून काय उपयोग, बाबा? लहान पुलीचा हिशेब लावते. निकाल येऊ द्या."

बाबा उठून गेले. मी लहान पुलीचा वेग टाकून मशीन लावलं. या वेळी तुकडे आणखी बारीक, म्हणजे वेळ जास्त. अमडापूरकडं सोयाबीन काढायला सुरुवातही झाली म्हणतात. ये ना लवकर!

२० सप्टेंबर

अजून चालूच. बाबा सकाळपासून घरात नाहीत, फारुखभाईही नाहीत, शेडला कुलूप. हंगामाच्या तोंडावर! आई म्हणते टेम्पो घेऊन गेले, जेवायचा डबाही नेला नाही. रागावून गेले असतील तर खुशाल रागवोत. माझाही राग काही कमी नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

बाबा आत्ता आले. टेम्पोत लहान पुल्या होत्या, आठ. शेडमधल्या मोठ्या पुल्या नेऊन आठ गावांत बदलून आले. दोघा मालकांनी शिव्या दिल्या, एकानं नव्या मशीनची ऑर्डर मोडली.

मी म्हटलं, "बाबा, निकाल अजून आलाच नाही. उद्या येईल."

"मी डब्ब्याले कुठं विचारलं होतं? तुले विचारलं होतं. तुयं तोंड पाह्यलं, समजलं." मग पाणी प्याले. "अमडापूरवाला तेवढा पुली सोडत नाही. माह्यं आयकत नाही तो. उद्या चाल, तू सांगजो त्याले."