सांकाला, फक्त तुझ्या कानांसाठी

प्रिय सांकाला,

हा जो बाईचा आवाज तुला ऐकू येतोय तो तुझ्या फोनचा. शब्द मात्र माझे. हम्सिनाला मी सांगून ठेवलंय की नवऱ्याला कुठलं बटण दाबायचं ते एकदा दाखव आणि तिथून ऊठ. ती हसली. म्हणाली, "ताई, बहीणभावाचं असं काय गुपित?" मी म्हटलं, "तुझ्याच कागाळ्या करायच्यात!" आवाज जरा शिष्ट आहे, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. होते सवय. माझ्या वर्गात तो गेलं वर्षभर आहे, आणि मला तुला त्याचीच गोष्ट सांगायचीय.

गेल्या वर्षी माझ्या चौथीत मुत्माइना नावाची मुलगी होती. अंगानं किरकोळ, डोळे टपोरे. वाचायची पाळी जवळ आली की हिच्या पोटात दुखायचं. नाहीतर तहान लागायची, पेन्सिलीचं टोक तुटायचं. लिहायला बसवली तर ज्या अक्षराचं पोट उजवीकडे असायला हवं ते ती डावीकडे काढायची, आणि खोडून पुन्हा तसंच. मी आधी रागावले, मग समजावलं, मग सोडून दिलं. चाळीस मुलांत एकीपाशी किती थांबणार, असं मनाशी म्हणायचे. मार्चमध्ये तिचा बाप आला. "बाई, हिला आता माझ्याबरोबर समुद्रशेवाळ वाळवायला नेतो. तिथं कुणी वाच म्हणत नाही." मी थांबा म्हणाले नाही. वर्ष संपेपर्यंत तरी राहू दे, एवढंच बोलले.

त्याच सुमाराला शाळेत तीन टॅब आले. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की टॅब ते पान मोठ्यानं वाचतो, आणि वाचत असलेला शब्द पिवळा होतो. आमचे मुख्याध्यापक इल्यास गुरुजी, त्यांनी एक आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी फणकारले, "मुलांना असं आयतं भरवायचं, तर मी इथं कशाला?" ते म्हणाले, "हस्निदारबाई, आठ दिवस बघा. नाही पटलं तर मी स्वतः उचलून नेतो." अठ्ठावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कुणी शिकवलेलं आवडत नाही, तुला माहीतच आहे. तरी मी तो मुत्माइनाला दिला.

तीन दिवस ती कानांवर हेडफोन चढवून नुसती बसून राहिली. चौथ्या दिवशी खारफुटीचा धडा तिनं तीनदा ऐकला. बोट पिवळ्या शब्दामागून चाललं होतं. तास सुरू झाल्यावर मी विचारलं, या झाडांची मुळं चिखलातून वर का येतात? एकट्या मुत्माइनाचा हात वर. तिनं धड्यातलं सगळं नीट सांगितलं आणि वर म्हणाली, "पण बाई, पुस्तकात अर्धंच दिलंय. त्या मुळांत खेकडे लपतात ते लिहिलंच नाही." मागून फजरुल ओरडला, "हिचं सगळं मशीन वाचतं!" ही वळली. "वाचलं मशीननं, उत्तर मी दिलं. तू तर डोळ्यांनी वाचलंस ना, मग हात का नाही वर केलास?" अख्खा वर्ग खिदळला. फजरुलसुद्धा.

मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली. हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे मी ढ नाही?"

सांकाला, मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आणि हौदामागे उभी राहून रडले. आपल्या घरातही कुणाच्या पोटात दुखायचं, कुणाची अक्षरं उलटी व्हायची. तो प्रश्न कुणी कधी मला विचारला नव्हता. विचारण्याआधीच आम्ही सगळ्यांनी उत्तर देऊन टाकलं होतं.

आज मुत्माइना पाचवीत आहे. मोठे धडे टॅबवर ऐकते, लहान पान एकटी वाचते, सावकाश, अडखळत. पोटाच्या अक्षरांशी तिचं अजून जमत नाही. बापाला मी वर्गात बोलावलं होतं. मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसला आणि तिनं सांगितलेला अख्खा धडा ऐकला. उठताना एवढंच म्हणाला, "शेवाळ मी एकटा वाळवीन." इल्यास गुरुजींचे मी आभार मानले, त्या मुलीचेही मानले. राहिलास तू.

तू तिकडे बातुलिचिनच्या किनाऱ्यावर कागदावर एक रेघ न ओढता दोनशे टनांची बोट उभी करतोस, आणि ईदला घरी आलास की लोकांना म्हणतोस, "आमच्यात डोकं ताईला मिळालं, मला हात." दरवेळी मी मान खाली घालून नारळाच्या दुधातला बुरासा भात वाढत राहते. आता ऐक. आजवर तुला लिहिलेलं सगळं कुणीतरी दुसऱ्यानं वाचून दाखवलं, म्हणून हे कधी लिहिता आलं नाही. तू अकरा वर्षांचा होतास. तुझ्या वर्गाच्या गुरुजींनी मला बाहेर बोलावून विचारलं होतं, "तुझ्या भावाला खरंच येत नाही, की सोंग करतो?" रोज संध्याकाळी तुला शिकवायला बसायचे मी. घाम फुटेपर्यंत तू धडपडायचास ते मी डोळ्यांनी पाहत होते. पण मला मैत्रिणींकडे जायचं असायचं. मी म्हटलं, "सोंग करतो. आळशी आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला पहिलीच्या पोरांत बसवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मामाबरोबर बोटींच्या कामावर गेलास, तो परत शाळेत आलाच नाहीस. आणि पुढे तुझ्याच कष्टांवर मी शिकले, बाई झाले. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी तू हातातलं काम टाकून किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला सांगत सुटला होतास, "माझी ताई बाई झाली!" मी तिथंच उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मला माफ कर. जमलं नाही तरी चालेल, पण तू आळशी नव्हतास हे एवढं माझ्याकडून ऐक. मला तेव्हाही ठाऊक होतं.

तुझीच,
हस्निदार ताई
पारेपारे