येळवशीचं ताट आणि गोठ्यापलीकडचं दोन एकर

मी, हरणाबाई धोंडीबा शिनगारे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार बेंबळी, तालुका व जिल्हा धाराशिव. शाळा दुसरीपर्यंत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, डोक्याचं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाच्या धाकानं नाही, माझ्या मनानं हे मृत्युपत्र लिहीत आहे. या आधी कुठं अंगठा घेतला असेल तर तो रद्द समजावा. मला सही येते.

१. राहतं घर मुलगा रामलिंग याला. घर त्याच्या बापानं बांधलं आहे. ते हिसकावण्याएवढी मी हलकी नाही.

२. माझी बोरमाळ सूनबाई दैवशाला हिला. गेल्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, ती पहाटे तीन वाजता उठली आणि एकटीनं शेंगा-पालेभाज्यांची सगळी भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे केले. तिला वाटलं, दरसालप्रमाणं पहिलं ताट ऊसतोडीच्या टोळीवर जाणार. तिची काही चूक नाही.

३. गोठ्यापलीकडचं दोन एकर माझ्या मालकांनी विकत घेऊन माझ्या नावावर केलं. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. ते नात प्रतीक्षा रामलिंग शिनगारे हिला द्यावं. रामलिंग विचारेल, मला का नाही? म्हणून कारण लिहिते.

येळवशीला आमच्या घरचं कुणी आधी जेवत नाही. शेतात कडब्याच्या कोपीत मांडलेल्या पांडवांना नैवेद्य झाला की आंबिलीची घागर आणि भज्जीचं पातेलं आधी ऊसतोडीच्या टोळीवर जातं. सगळं गाव आपापल्या शेतात जेवतं, आणि जी माणसं आपलं शेत सोडून दुसऱ्याचा ऊस तोडायला आली, त्यांना कोण बोलावणार? मालक होते तोवर ते न्यायचे, पुढं मी. त्या दिवशी टोळीत चूल पेटत नाही, कारण आमचं येणार हे त्यांना ठाऊक असतं.

या वर्षी मी खाटेवर. रामलिंगला सांगितलं, "पहिलं टोळीवर ने." दिवस मावळता आला. विचारलं, "पोचलं का रे?"

"पोचलं, माय. कडूबाई तुझी लई आठवण काढत होती."

मी निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी वाशीहून नणंदेचा फोन. "वैनी, पाय बरा झाला की! टोळीवर वाढताना फोटोत बघितलं."

मी प्रतीक्षाला म्हणलं, माझ्या मोबाईलात दाव तो फोटो. खाली लिहिलं होतं, गरजूंना अन्नदान, आपला सेवक रामलिंग शिनगारे. वाढणारी मीच. फोटो मागच्या सालचा. पोरगी म्हणाली, "आजी, आपलं पातेलं तर पाहुण्यांनीच संपवलं. दोन गाड्या भरून आले होते. मी पप्पांना म्हणलं, टोळीचं काढून ठेवा. ते म्हणले, त्यांना काय कळतंय." रामलिंगला निवडणुकीला उभं राहायचं आहे.

चार दिवसांनी टोळीतली कडूबाई दारात आली. तिची लेकरं दुपार ढळेपर्यंत बांधावर वाट बघत बसली होती. ती भांडली नाही. म्हणली, "मावशी, आमचं काय चुकलं का?"

माझ्या पोटचा खोटं बोलला, हे परक्या बाईपुढं मला सांगावं लागलं.

तर जमीन प्रतीक्षाला. अट एकच. नर्स होऊन ती कुठंही नोकरी करो, सासर कुठलंही मिळो, येळवशीला तिनं इथं यायचं आणि पहिलं ताट टोळीवर न्यायचं. टोळी नसेल तर बसस्टँडवर, दवाखान्यात, जिथं कुणी उपाशी असेल तिथं. ते जमणार नसेल तर जमीन विकू नये, तिच्या आईला द्यावी.

४. पितळी घागर व भज्जीचं पातेलं प्रतीक्षाला. रामलिंगनं त्यात हात घालू नये.

५. त्यानं मला घेऊन दिलेला मोबाईल त्यालाच परत द्यावा. फोटो आतच आहे.

६. माझ्या तेराव्याला बॅनर लावू नये. जेवणाऱ्याचा फोटो काढू नये. कुणी काढलाच तर त्याला पंगतीतून उठवावं. मुलगा असला तरी.

वरील गोष्टी शांतलिंग गुरुजींनी मला दोनदा वाचून दाखवल्या, त्या बरोबर आहेत. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "हरणाबाई, मुलाला माफ केलं असं शेवटी एक वाक्य टाका. बरं दिसतं."

मी म्हणलं, "गुरुजी, उपाशी मी नव्हते राहिले. माफ करायचं का नाही, ते कडूबाईनं बघावं. टोळी मार्चपर्यंत इथंच आहे. घरापासून चालत दहा मिनिटं लागतात."

हे लिहीपर्यंत रामलिंग टोळीवर गेलेला नाही.

सही: हरणाबाई धोंडीबा शिनगारे

आमच्या समोर सही केली. आम्हा दोघांना यातलं काही मिळणार नाही.
साक्षीदार: १. शांतलिंग स्वामी, निवृत्त शिक्षक, बेंबळी २. गोरोबा कुंभार, बेंबळी

ठिकाण: बेंबळी
दिनांक: १२ जानेवारी २०२६