दोनच सीटची पिवळी गाडी

आबा, मी एक गाडी बघून ठेवलीय. दोनच सीटची, भंडाऱ्यासारखी पिवळीधमक, आणि इतकी बुटकी की शेजारी उभी राहिले तर तिचं टप माझ्या खांद्यालाही पोचत नाही. ते टपसुद्धा छत्री मिटावी तसं मागं जाऊन पडतं, आणि मग डोक्यावर नुसतं आभाळ. स्पोर्ट्‌स कार म्हणतात हिला. शर्यतीची गाडी म्हणा, म्हणजे तुम्हाला कळेल. नवी नाही, दोन मालकांच्या हाताखालून आलेली आहे, म्हणून तर माझ्या आवाक्यातली. घरामागच्या खोल्या आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिल्यात, त्यातून साठलेलं माझं आहे, कुणापुढं हात पसरायचा नाही. तुम्ही असता तर पहिलं वाक्य काय टाकलं असतं ते मला पाठ आहे, म्हणून आधीच सांगते, मी विचारायला लिहीत नाहीय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता मध्ये बोलायचं नाही. ऐकायचं.

जुन्या गाड्यांचं ते दुकान खडकवासल्याच्या रस्त्याला आहे. एकटीच गेले होते. काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला एक गडी बाहेर आला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणला, ‘‘मावशी, मुलगा मागनं येतोय का?’’ म्हणलं, ‘‘येईल की. का? एक्स्चेंजमध्ये घेता काय त्याला?’’ मग जरा जागेवर आला. म्हणला, डॉक्टरची गाडी आहे, फक्त रविवारी देवाला जायला काढायचे. पुण्यात विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते बघा, आणि ती फक्त रविवारी देवाला जाते. म्हणलं, ‘‘मग देवळाबाहेर कधी दिसत नाहीत हो ह्या!’’ आत बसले तर थेट पाटावर बसल्यागत, पाय समोर लांब. बसणं सोपं. उठणं मात्र दाराला धरून, देवाचं नाव घेऊन, दोन हप्त्यांत. तो हात द्यायला पुढं आला तर म्हणलं राहू द्या, घरी तुम्ही थोडेच येणार रोज उठवायला.

आणि मग मी तिच्या बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. उन्हात नव्हती हं उभी, शेडमध्ये होती. तुम्ही बाजारात बैल बघायला निघायचात तेव्हा आमच्या चुलत्याला सांगायचात ते मला चुलीपाशी ऐकू यायचं, ‘‘चालवून आणल्यालं जनावर बघू नको. चालून चालून लंगडणं झाकतंय. सकाळी उठताना बघायचं, तवा खरं दिसतंय.’’ मला कुणी शिकवलं नव्हतं ते. भाकरी थापताना कानावर पडलेलं. त्या गड्याला म्हणलं, ‘‘आज नको. उद्या सकाळी येते. तोवर हिला निजू द्या, मी आल्याशिवाय उठवायची नाही.’’ तो म्हणला, ‘‘मावशी, गाडीय, म्हैस नाही.’’ म्हणलं, ‘‘म्हशीला तरी दात बघता येतात.’’

घरी सांगितलं आणि जेवणाची ताटं थंड झाली. तुमचा नातू खराडीत कंपनीत आहे. आपलं गाव आता खराडीच्याच पोटात गेलंय, गोठा होता तिथं इमारतीचं पार्किंग आहे. त्यानं आधी हसून बघितलं, मग रागावून बघितलं. ‘‘आई, एवढ्यात सात सीटर येते. सगळे मावतो.’’ म्हणलं, ‘‘म्हणून तर ती नको.’’ ‘‘स्पेअर पार्ट मिळत नाहीत. बिघडली तर?’’ ‘‘बिघडेल. मीसुद्धा बिघडते अधूनमधून, मला काय विकायला काढता?’’ ‘‘आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर पोट घासेल तिचं.’’ ‘‘तिरकी काढीन.’’ सूनबाई आमची गोड आहे, मध्यस्थीला आली. ‘‘आई, घ्यायचीच तर निदान पांढरी तरी बघा. रिसेलला बरं पडतं.’’ म्हणलं, ‘‘बाई, कपाळ पांढरं आहे तेवढं पुरे.’’ ती उठून आत गेली. मला वाटलं दुखावली. तर फ्रीजच्या दाराआड तोंड घालून हसत होती.

आबा, मला गाडी येत नाही असं समजू नका. तुमचे जावई गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात मुलानं मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. त्यानंच. का, तर त्याच्या पोरांना क्लासला सोडायला कुणी नव्हतं. तेव्हापासून घरातली मोठी गाडी मीच चालवते. पोरांची शाळा, मंडईची भाजी, विहीणबाईंचे गुडघे दाखवायला दवाखाना. लोक म्हणतात वा, काय धीराची बाई. पण कामाला चालवली की धीर, आणि हौसेला चालवीन म्हणलं की वेड. जावई तुमचे देवमाणूस होते, पण त्यांची स्कूटर! मागून सायकलवाले घंटी वाजवून पुढं जायचे. मी आपली मागं एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशव्या. संसार झाला सगळा सेकंड गिअरमध्ये. तक्रार नाही. सांगतेय फक्त.

शेवटी मुलगा म्हणला, ‘‘आई, पण त्या गाडीचा उपयोग काय?’’

आणि मला आपलं अंगण दिसलं. मी अकरा-बारा वर्षांची आहे. तुम्ही तो पांढरा खोंड घेऊन दारात उभे आहात. तोही सेकंडहॅन्डच, दुसऱ्याच्या दावणीचा, शर्यतीतून उतरलेला म्हणून स्वस्तात मिळालेला. नांगराला मान देत नाही, मोटेला चालत नाही, नुसता पळतो. घराची कौलं बदलायची म्हणून आईनं मागं ठेवलेलं होतं ते सगळं त्याच्या गळ्यात बांधून तुम्ही त्याला आणलाय. आई परातीत पीठ तसंच ठेवून बाहेर येते. ‘‘ह्येचा उपेग काय?’’ आणि तुम्ही त्याच्या वशिंडावर हात फिरवत, तिच्याकडं न बघता म्हणता, ‘‘समद्याचा उपेगच बघायचा का?’’ त्या पावसात आम्ही सगळे घरभर भांडी मांडून झोपत होतो. खोंड मात्र कोरड्यात.

तेच वाक्य मी मुलाला जेवताना ऐकवलं. तुमचं हेही मी वापरलं, ते वापरायचा मला हक्क आहे. कारण तो खोंड तुम्हाला कुठं वळत होता? तुम्हाला शिंगावर घ्यायचा. त्याच्या वेसणीला हात लावू दिला तो फक्त मला. गुळाचा खडा मी द्यायची, खरारा मी करायची, रात्री बिथरला की तुम्ही मला झोपेतून उठवायचात. पण यात्रा आली की मी कोण? पोरीची जात. ‘‘बाईमाणसाची सावली गाड्यावर पडली की बारी फुकट जाती. घाटात पाय ठिवायचा न्हाय.’’ तुमचा घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ, बारी म्हणजे गाड्याची एक धाव, आणि तिथं सगळी बापे माणसं. बरोबर. मी घरी राहीन म्हणलं. तर तो वाळूच्या ट्रकात चढेना. बांधाला ट्रक मागं लावला, फळी टाकली, चार गडी ओढतायत, हा तसूभर हलत नाही. शेवटी मला हाक मारलीत. मी फळीवरून पुढं चढले, तो माझ्यामागं आला, शेळीसारखा.

मग मला न्यावंच लागलं. घाटाच्या पायथ्याशी ट्रक लावलात, मी त्याला उतरवून दिला, आणि तुम्ही मला केबिनमध्ये बसवून समोरच्या काचेवर गोणपाट टाकलंत. बाजूच्या खिडक्यांवर पण. ‘‘डोकं वर काडायचं न्हाय.’’ ड्रायव्हर शर्यत बघायला पळाला होता. त्याची सीट रिकामी होती, तिच्यात बसले. पाय पोचत नव्हते, हात मात्र स्टेअरिंगला पोचले. आत डिझेलचा वास, गोणपाटातून धूळ पडतेय, आणि बाहेर हलगी वाजतेय. मग हलगी थांबते. सगळा घाट श्वास धरतो. आणि मग ते हजार गळ्यांतनं एकदम उठलेलं, ‘‘भिर्रर्रर्र!’’ ट्रकची काच थरथरली माझ्यासमोर. मी स्टेअरिंग घट्ट धरलं होतं. माझा खोंड पळत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर गोणपाट होतं.

पहिला आला त्या दिवशी. फेटे बांधून फोटो काढलात सगळ्यांनी. मी फोटोत नाही. परत ट्रकात चढवायला मात्र हाक मारलीत. रात्री घरी आल्यावर माझ्या हातात रेवड्यांचा पुडा ठेवलात आणि डोक्यावर भंडाऱ्याचा हात, केस पिवळे झाले. मी रेवड्या खाल्ल्या, का नाही खायच्या, माझ्या कष्टाच्या होत्या. पण तीन वर्षं, प्रत्येक यात्रेला, तेच गोणपाट. मग माझं लग्न केलंत आणि त्याच उन्हाळ्यात खोंड विकलात. कुणालाच वळेना म्हणे.

माणूस मेला की तो मनानं चांगला होता म्हणायची पद्धत आहे. मी पाळणार नाही. तुम्ही वाईट नव्हता, पण त्या काचेवर गोणपाट तुम्हीच टाकलंत, दुसऱ्या कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा रजा टाकून दुकानावर आला. मला अडवायला. बरोबर त्याच्या ओळखीचा मेकॅनिक. तो गाडीखाली शिरला, बाहेर येऊन म्हणला, ‘‘क्लच दमलाय, बदलावा लागेल. बाकी खोट नाही.’’ बॉनेट गार होतं, माझ्या हातानं बघितलं. किल्ली फिरवली. खोकली एकदा, कण्हली, मग लागली सुरात. उठताना आमचंही असंच असतं, त्याला लंगडणं म्हणत नाहीत. दुकानदार म्हणला, ‘‘दोघं माय-लेक जाऊन या धरणापर्यंत.’’ मुलगा बसला शेजारी. गुडघे हनुवटीला लागलेले, हातानं दार धरलेलं, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. टप मी उघडायला लावलं होतं. पदर खोचला, निघाले.

मणक्याला प्रत्येक खडा कळतो, खोटं कशाला बोलू. पण धरणाच्या पाण्याकडेचा रस्ता सकाळी मोकळा होता, कणसंवाल्यांच्या हातगाड्या अजून झाकलेल्या. तिसरा टाकला आणि पाय दाबला. आबा, ती खाली बसली आणि निघाली, अगदी तसंच, जनावर मागच्या पायांवर दबून सुटतं तसं. अंबाडा सुटला माझा. ‘‘आई, हळू!’’ म्हणलं, ‘‘हळू बघायचं ते तुझ्या बापामागं बसून सगळं बघून झालंय.’’ आणि समोर काही नाही. रस्ता, पाणी, डोंगर, सगळं अंगावर येतंय आणि मी बघतेय. माझ्या तोंडून कधी निघालं मला कळलं नाही, ‘‘भिर्रर्रर्र!’’ मुलगा दचकून माझ्याकडं बघायला लागला. मग हसायलाच लागला. लहानपणी हसायचा तसा, खांदे हलवून.

गाडी परत आणून लावली तेव्हा तो दोन हप्त्यांतच उतरला, माझ्यासारखा. म्हणला, ‘‘बरं. घे. पण ह्यात मुलं मावणार नाहीत, आम्ही मावणार नाही. तुझ्या शेजारी बसणार कोण?’’ चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात. इसार दिला, किल्लीला हात लावून ठेवला आणि घरी आले.

उद्या आणायचीय. सूनबाईनं चाचरत विचारलं, ओवाळायचं कुणी? तिला वाटलं मी मागं थांबेन. म्हणलं, ‘‘तू ओवाळ हौसेनं. नारळ मात्र मी फोडणार, गाडी माझी आहे. आणि भंडारा मी लावणार. पिवळ्यावर पिवळा दिसणार नाही, पण मला माहीत असेल.’’

हे पत्र टाकायला पेटी नाही. गाडीला पुढं एक छोटा कप्पा आहे, त्यात ठेवीन कागदपत्रांबरोबर, पोलिसानं अडवलं तर चुकून त्याच्याच हातात जाईल आणि बरी करमणूक होईल त्याची. मुलानं विचारलेलं मात्र दोन रात्री डोक्यात आहे. तेव्हा एक सांगते, आणि हे शेवटचं. शेजारची सीट रिकामी आहे. यायचं असलं तर या, धरणापर्यंत एक बारी मारून आणते. पण माझ्या गाडीत माझा नियम. समोर गोणपाट टाकून बसायचं, डोकं वर काढायचं नाही, नुसतं ऐकायचं.

नाही टाकणार मी, आबा. डोळे उघडे ठेवून बसा.