सोळा मात्रांची जागा

डिचोली,
९ नोव्हेंबर १९९६

प्रिय प्रभा,

दहा वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं असशील. हो, मीच, मालती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुझी मावसबहीण भाग्यलक्ष्मी भेटली, तिने तुझा वाळपईचा पत्ता दिला. तू शाळेत मुलांना प्रार्थना शिकवतेस आणि बाकी कुठेच गात नाहीस, असंही ती बोलता बोलता सांगून गेली. मी मिरच्या घ्यायला गेले होते, त्या न घेताच बस पकडली.

आपल्या ‘सोपो’ मेळाला दहा वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे. सुरुवातीचा इतिहास मी लिहावा असं ठरलं, कारण जयरामला लिहायचा कंटाळा आणि गोकुळदास लिहायला बसला की तबल्याशिवाय दुसरं काही लिहीत नाही. इब्रामपूरला जयरामच्या घरच्या सोप्यावर, त्या ओसरीवर आपण चौघं बसायचो, तेव्हाचं सगळं मला आठवतं. माझं व्हायोलिन, गोकुळदासचा तबला, जयरामचं मातीच्या घड्याचं घुमट आणि तू. पावसाळ्यात घुमटाचं चामडं सैल पडायचं आणि जयराम ते चुलीपाशी धरून बसायचा. तोवर आपण त्याच्या आईच्या हातची पेज जेवून घ्यायचो. मी बांधलेली पहिली रचना तिथेच बसली. तिच्या मध्यावर एक आवर्तन तुझं होतं, सोळा मात्रा, त्यात दोन ओळींचे शब्द.

त्या शब्दांवरूनच बिनसलं, असं सगळे समजतात. शहाऐंशी साल होतं, गोव्याची राजभाषा कोणती यावरून रान पेटलेलं. जयराम कोकणीसाठी मोर्चात, गोकुळदास मराठीसाठी सभेत आणि संध्याकाळी दोघे एकाच सोप्यावर तोंडं फिरवून बसलेले. ओळी कोणत्या भाषेत हव्यात यावरून डिचोलीचा कार्यक्रम मोडायची वेळ आली. तेव्हा मी म्हटलं, शब्दच नकोत, नुसती वाद्यं ठेवू. दोघांनाही ते पटलं. वाद मिटवल्याबद्दल मला आजवर शाबासकी मिळते.

तू काय म्हणालीस तेही मला नीट आठवतं. “माका शब्द नाकात. हांव आकारान गायतां.” शब्द नकोत, नुसत्या ‘आ’वर गाईन म्हणत होतीस. त्याला कोणती भाषा लागणार होती? जयराम माझ्याकडे बघायला लागला, गोकुळदासही. रचना माझी, तेव्हा शब्द माझाच चालणार होता. मी म्हटलं, “नको, वाद्यंच बरी.” तू तानपुऱ्याला गवसणी घातलीस आणि पेडण्याच्या बसला चालती झालीस.

प्रभा, भाषेचं निव्वळ निमित्त होतं. त्याच्या आधी इब्रामपूरच्या देवळात आपण पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा लोकांनी तुझ्या त्या सोळा मात्रा पुन्हा मागितल्या. मी वर्षभर खपून रचना बांधली आणि घरी जाताना लोक गुणगुणत होते ते तुझं. मला ते सोसलं नाही. तुझा मत्सर वाटला, दुसरं काही नाही. जयरामने ते तेव्हाच ओळखलं असणार, पण तो कधी बोलला नाही.

तुझी जागा व्हायोलिनने भरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण गज टेकला की तुझीच तान निघायची आणि मला लाज वाटायची. शेवटी ती जागा रिकामीच ठेवली. आजही तिथे व्हायोलिन थांबतं, गोकुळदास नुसता ठेका धरतो, जयराम घुमटावर हलकी बोटं ठेवतो आणि सोळा मात्रा तशाच जातात. आता नवी मुलं आली आहेत, त्यांना तो मालतीताईंचा खोल विचार वाटतो. पुण्याच्या एका जाणकारांनी तर त्या शांततेवर पाऊण तास भाषण केलं. मी मान डोलावत ऐकलं, दुसरं काय करणार?

स्मरणिकेच्या कच्च्या मजकुरात कोणीतरी लिहून ठेवलं होतं की हा मेळ पहिल्या दिवसापासून वाद्यांचाच होता. ते वाक्य मी खोडलं. इथे तुला लिहिलं आहे तेच तिथेही लिहिलं, माझ्या मत्सरासकट. दोघांना वाचून दाखवलं. जयराम म्हणाला, छापायच्या आधी प्रभाला विचार. म्हणून हे पत्र, सोबत तो कागदही आहे. तुला नको असेल ते खोड. पण चौदा डिसेंबरला डिचोलीत कार्यक्रम आहे, त्याला ये आणि तुझं आवर्तन गा. शब्द घालायचे तर घाल, नाहीतर ‘आ’वर गा, आता कोणी अडवणार नाही. आम्ही अजूनही काळी चारमध्येच वाजवतो, ती तुझीच पट्टी. इतक्या वर्षांत आवाज खाली आला असेल तर तेवढं मोकळेपणाने कळव. आम्ही सगळे खाली येऊ.

तुझी वाट बघणारी, तुझीच
मालती