कोचीनच्या फाटकाशी गुणवंत

सौ. पार्बतीस,

कोचीनला सुखरूप पोचलो. तुझा खोकला कसा आहे?

आपल्या गुणवंतचं प्रवासी जहाज बंदराला लागलं, पण त्याला तासभरच सुट्टी मिळाली. मी नेलेली पांढुर्ण्याची संत्री जहाजावर नेऊ देईनात, म्हणून बंदराच्या फाटकाशी बसूनच दोघांनी खाल्ली. जहाजातून उतरलेल्या एका गोऱ्या बाईनं त्याला काही विचारलं.

"काय म्हणते रे?"

"इथं पाहासारखं काय हाय, म्हणते."

"मंग तू काय सांगतलं?"

"म्या म्हटलं, हे माहे बाबा!"

बाई हसली. मी फाटक्या चपला लपवत बसलो.

जहाजावरचे कपडे धुऊन त्याचे हात सोलले आहेत, पण तो मलम लावतो.

पोळ्याला घरी येतो म्हणाला. कोणत्या पोळ्याला, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. तू यंदाचाच धर.

तुझ्या काळजीत,
शामराव