तारा लागल्या का?

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा टीव्हीला जोडायच्या गेम मशीनची दुरुस्ती, राहणार दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे तर स्वखुशीने, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी हे या लेखाने ठरवून ठेवत आहे. यापूर्वी मी केलेली तिन्ही मृत्युपत्रे आजपासून रद्द समजावीत.

इथपर्यंतचं वकिलांनी लिहून दिलं ते उतरवलं. पुढचं माझं मी लिहिते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला समोरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात सात वजा करायला लावलं. मी तीसपर्यंत गेले, मग त्याच म्हणाल्या, "पुरे काकू, मला पेशंट आहेत."

तीन मृत्युपत्रं कशी झाली ते आधी सांगते, म्हणजे म्हातारीला चळ लागला असं कोणी म्हणायला नको. पहिलं केलं तेव्हा जिची मशीन मी दुरुस्त करते ती कंपनी जोरात होती. तिचं नवं मशीन दुकानात आलं की दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागायची. त्या मृत्युपत्रात लिहिलं होतं की दुकान याच कंपनीचं अधिकृत दुरुस्ती केंद्र म्हणून पुढे चालवावं. मग कंपनीने मशीन काढणं बंद करायचं ठरवलं, म्हणून दुसरं केलं, त्यात दुकान विकायचं होतं. मग कंपनीचं नाव भलत्याच कोणीतरी विकत घेतलं आणि 'आम्ही परत येतोय' अशी जाहिरात केली. मी बावळट, तिसरं केलं. आता त्या नव्या मालकांचेही खेळ दुसऱ्यांच्या मशीनवर मिळायला लागले आहेत आणि स्वतःचं मशीन 'योग्य वेळी' येणार आहे. एवढ्यांदा मेलेली आणि एवढ्यांदा उठून बसलेली दुसरी कोणी माझ्या पाहण्यात नाही. तिची वाट बघून मी थकले. या चौथ्या मृत्युपत्रात कंपनी जगली तर काय आणि मेली तर काय, असं एकही कलम नाही.

कलम एक. बँकेत जे काही आहे ते माझ्या मुलीला. फार नाही, त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

कलम दोन. दुकान आणि मागच्या दोन खोल्या, हेही माझ्या एकुलत्या एका मुलीला, कोणत्याही अटीशिवाय. तिसऱ्या मृत्युपत्रात मी अट घातली होती की दारावरची कंपनीची पाटी उतरवायची नाही. ती अट मी मागे घेते. का, ते कलम सहामध्ये आहे. तिथपर्यंत पोचायला मला जरा वेळ लागेल.

कलम तीन. माझ्या धाकट्या दिराला, म्हणजे आमच्याच दुकानात काम शिकून, आमचंच काचेचं कपाट घेऊन, रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या कंपनीचं चकचकीत दुकान थाटणाऱ्या भावजींना, मी कंपनीचा खास पेचकस ठेवते. या कंपनीचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत. भावजींनी तो दोन दिवसांसाठी नेला आणि टोक मोडून आणून दिला. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, तो तसाच होता." एकवीस वर्षं मी तो मोडका पेचकस जपून ठेवला आहे. घ्या भावजी. तो तसाच आहे.

तरी एक खरं ते लिहायला हवं. माझा नवरा गेला तेव्हा याच भावजींनी तेरा दिवस आपलं दुकान बंद ठेवलं होतं. त्याचे आभार मी अजून मानलेले नाहीत. काचेचं कपाट त्यांच्याकडेच राहू द्यावं.

कलम चार. मागच्या खोलीत फळीवर एकेचाळीस मशीन आहेत. लोकांनी दुरुस्तीला दिली आणि न्यायला आलेच नाहीत. सगळी चालू आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी आहे, तिच्यावर मालकाची खूण आणि काय बिघडलं होतं ते लिहिलं आहे. 'बसड्रायव्हर, जुळ्या मुली, आत दूध सांडलं.' त्या मुली आता स्वतः नोकरीला असतील. मुलीने जमेल तेवढ्यांना शोधून मशीन परत द्यावीत. भंगारात देऊ नयेत, एवढीच विनंती.

कलम पाच. सोल्डरिंगचा संच, भिंग, चिमटे आणि मीटर शेजारच्या घड्याळवाल्यांना द्यायचे होते. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण जायचं नाव घेत नाहीत. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि वकील म्हणाले, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. हे मी घड्याळवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग सही कशाला करू मी?"

"शेजारी म्हणून करा."

"भिंग तरी द्यायचंत."

म्हणून भिंग मी त्यांना जिवंतपणीच, काल दुपारी, देऊन टाकलं. ते मिळकतीत धरू नये. बाकीची हत्यारं मुलीला.

कलम सहा. हे माझ्या मुलीसाठी आहे. इथून मी तिच्याशीच बोलणार आहे, वकिलांना चालो न चालो.

तुला आठवतंय, तू नऊ वर्षांची असताना बाबांनी दुकानातलं एक मशीन घरी आणलं, गाव वसवायच्या खेळासकट. नदीच्या अलीकडे त्यांनी घरं बांधायची आणि पलीकडे तू. तू एवढे हुकूम सोडायचीस की ते तुला अध्यक्षीणबाई म्हणायला लागले. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा मशीन घेऊन गेलीस आणि रविवारी बाबा तुझ्याकडे यायचे ते माझ्या हातच्या जेवणाला कंटाळून नव्हे, गावातला पूल बघायला. मला त्या खेळात कधीच गोडी नव्हती. मी मशीनचं पोट ओळखायची, पडद्यावर काय चाललंय ते मला कधी कळलं नाही.

ते गाव मशीनच्या आत एका बटणाएवढ्या बॅटरीवर जिवंत असायचं. ती संपत आली की बदलावी लागते. बदलताना बाहेरून दोन तारा लावून वीज चालू ठेवायची आणि मगच जुनी बॅटरी काढायची. तारा न लावता काढली की आतलं सगळं पुसलं जातं. हे काम मी शेकड्यांनी केलं आहे आणि दर वेळी एकाच पद्धतीने. मी आतून विचारायची, "तारा?" तुझे बाबा काउंटर सोडून आत यायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "लागल्या." मग मी बॅटरी काढायची. गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो. तीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

बाबा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तू मशीन घेऊन आलीस. म्हणालीस, "आई, बॅटरी बदलून दे. जपून हं, आत बाबांचं गाव आहे."

मी म्हणाले, "मला शिकवतेस?"

तू बाहेर काउंटरवर बसलीस. मी मशीन उघडलं, एक तार लावली आणि फोन वाजला. कंपनीचा साहेब होता. दुरुस्ती केंद्रं बंद करतोय म्हणाला. वर म्हणतो, "पण मॅडम, गिऱ्हाइकांशी आमची बांधिलकी कायम आहे." बांधिलकी हा शब्द निघाला की सुटे भाग मिळायचे बंद होणार, हे तुझे बाबा नेहमी म्हणायचे. मी रागाने फोन आपटला आणि परत टेबलाशी येऊन बसले. हातात चिमटा घेतला आणि सवयीने विचारलं, "तारा?"

आणि मला ऐकू आलं, "लागल्या."

देवाशपथ सांगते, आलं. तीस वर्षांची सवय कानाला. मी बॅटरी काढली. दुसरी तार टेबलावरच पडलेली होती.

मशीन लावून बघितलं तर नुसती नदी. नदीच्या दोन्ही बाजूंना रान.

तू आत आलीस आणि विचारलंस, "काय झालं?" तेव्हा मी खरं बोलले असते तर तू ओरडली असतीस, रडली असतीस आणि झालं गेलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "कंपनीचा पार्ट सडका निघाला गं. आतली मेमरीच गेली."

कंपनी तशीही मरायला टेकली होती. म्हटलं, तिच्या माथी आणखी एक पाप, काय फरक पडतो? तू त्यांना सहा पत्रं लिहिलीस. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मग तू दुकानात पाऊल टाकणं सोडलंस. शेवटचं भांडलीस ते दारात उभी राहून. "दर रविवारी तू त्यांची पाटी पुसतेस, आई. त्यांनी माझे बाबा पुसले." तेव्हाही माझ्या हातात फडकं होतं. तेव्हापासून तू वर्षातून दोनदा येतेस, मागच्या खोलीत खुर्चीच्या टोकाला बसतेस, माझं ब्लडप्रेशर विचारतेस आणि बसची वेळ झाली म्हणून उठतेस. सहा वर्षं झाली.

पार्ट चांगला होता. चूक माझी होती, आणि खोटंही मीच बोलले. कंपनी पुढच्या वर्षी असेल की नसेल, मला ठाऊक नाही. पण ती बुडाली की माझं खोटं तिच्याबरोबर कायमचं गाडलं जाईल आणि तुला खरं कधीच कळणार नाही, याने माझा जीव खालीवर व्हायला लागला. म्हणून हे लिहायला बसले.

कलम सात. मशीन तू माझ्याकडेच टाकून गेली होतीस. ते तुला ठेवते. आत काय आहे ते सांगते.

बाबांच्या टेबलाच्या खणात चौकडीच्या कागदांची वही सापडली. त्यात गावाचा त्यांच्या बाजूचा नकाशा आहे, घर न् घर. दुपारी दुकानात कोणी नसतं. मी ती वही घेऊन मशीनसमोर बसायला लागले. पहिले चार महिने मला साधी भिंत घालता येत नव्हती, माणसं नदीत पडायची. आता जमतं. बेकरी बरोबर पुलाच्या तोंडाशी आहे, सगळ्यांना वळसा घालून जावं लागतं. मला वाटलं माझंच चुकलं, तर वहीत खाली लिहिलंय, 'बेकरी हलवू नये. लोकांना वास यावा.' पुलाखाली लिहिलंय, 'पूल वाकडाच ठेवावा. अध्यक्षीणबाईंचा हुकूम.' म्हणून वाकडाच बांधला आहे. तीनदा पाडून बांधला, पहिल्यांदा फारच सरळ झाला होता.

नदीच्या अलीकडचं गाव पूर्ण झालं आहे. पलीकडे मी एक वीटही ठेवलेली नाही. तिथे काय होतं ते वहीत नाही. ते तुलाच माहीत आहे.

कलम आठ. यात जी बॅटरी आहे ती कंपनीच्या शेवटच्या खोक्यातली, घातली तेव्हाच जुनी होती. आता मीटर लावला की काटा खाली येतो. फार तर सहा महिने. त्या मापाची नवी बॅटरी घड्याळवाल्यांनी मिळवून दिली आहे. गेली सहा वर्षं गिऱ्हाइकांची बॅटरी बदलताना तेच भिंतीपलीकडून येतात, वाकतात आणि "लागल्या" म्हणतात. पण या मशीनला मी त्यांना बोलावलेलं नाही. मी हात लावलेला नाही. माझी हिंमत होत नाही.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात हे मला कळतं. पण मेल्यावर कबुली देऊन मोकळं व्हायचं आणि तुला भांडायला समोर कोणी ठेवायचं नाही, हे मला पटेना. म्हणून याची एक प्रत आजच रजिस्टर टपालाने तुझ्याकडे येते आहे. ये आणि काय बोलायचं ते बोल. पाटी उतरवायची असेल तर शिडी मागच्या खोलीत आहे, मी धरीन. आणि मग टेबलाशी जरा वाक. दोन्ही तारा बघ. मी विचारीन तेव्हा उत्तर तू दे.

दुकान सकाळी दहाला उघडतं.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः वाचला, आणि मला तो मान्य आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली, दुरुस्तीचं टेबल
दिनांक: १४ मार्च, गुरुवार
सही: तुझी आई, मशीनवाल्या काकू म्हणून सर्वांना माहीत

साक्षीदार पहिल्या: समोरच्या डॉक्टरीणबाई. सही माझ्यादेखत झाली. मृत्युपत्र करणारीची प्रकृती ठीक, थकवा आहे.

साक्षीदार दुसरे: शेजारचे घड्याळवाले. सही माझ्यादेखत झाली. मला काही मिळणार नाहीच, तर निदान एक खरं लिहितो. गेलं वर्षभर मला त्या बारीक तारा दिसतच नाहीत. ती विचारते आणि मी अंदाजाने "लागल्या" म्हणतो. हे वाचून ती आत्ता माझ्यावर ओरडते आहे. पोरी, लवकर ये.